गुडघ्यामागचा तुकडा

काही माणसांच्या प्रकृतीतच स्वस्थता नसते. घराला कुलूप लावून पायऱ्या उतरल्यावर ती परत वर जातात, कुलूप ओढून पाहतात, आणि रस्त्यावर आल्यावरही त्यांचे एक मन त्या कुलपापाशीच घोटाळत राहते. ज्या बाईंची ही हकिगत, त्या अशांपैकी होत्या. एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात त्या क्ष-किरणतज्ज्ञ होत्या. तळमजल्यावरच्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून अस्थींच्या छाया वाचायच्या आणि त्यांचा अर्थ वरच्या मजल्यावरील शल्यविशारदांना कळवायचा, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. रुग्णाचे मुख त्यांना क्वचितच दिसे. दिसे ती त्याच्या देहातील एखाद्या सांध्याची करडी, निःशब्द प्रतिमा. त्या प्रतिमेपुढे त्या अशा बसत की जणू कुणी थोर व्यक्ती समोर बसली आहे आणि तिला मध्येच तोडणे हा अविनय ठरेल.

प्रतिमा मनासारखी नसली की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघे, ‘पुन्हा.’ पाय थोडा आत वळलेला आहे, पुन्हा. कोन चुकला आहे, पुन्हा. त्यामुळे विभागात त्यांचे नाव पुन्हाबाई पडले होते. हे बारसे केले होते तिथल्या जुन्या तंत्रज्ञाने, ज्याला लहानथोर सगळे मामा म्हणत. “देवाने माणूस घडवला तेव्हा ह्या बाई शेजारी नव्हत्या हे बरं,” असे मामा सर्वांदेखत सांगत, “नाहीतर बिचारा अजून पहिल्याच गुडघ्यावर अडकून बसला असता.” बाई हसत. घरी सासूबाईंचेही मत फारसे वेगळे नव्हते. “हिच्या हातात माझ्या लग्नाचा फोटो देऊ नका,” त्या म्हणत. “त्यातही कुणाचं काय मोडलंय ते शोधून काढील.”

बाईंचे धाकटे दीर त्याच रुग्णालयात हाडांचे शल्यविशारद होते. घरात वरच्या मजल्यावर त्यांचा संसार, रुग्णालयातही वरच्याच मजल्यावर त्यांचे शस्त्रक्रियागृह. वहिनी खाली बसून सांगणार आणि भावोजी वर उभे राहून करणार, अशी ही वाटणी वर्षानुवर्षे चालत आली होती.

गुडघ्याचे अस्थिभंग हा बाईंचा विशेष विषय. मांडीचे हाड जिथे नडगीच्या हाडावर विसावते, तिथे नडगीचा माथा पसरट असतो. त्याला पठार म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. उभ्या देहाचा सारा भार या चिमुकल्या पठारावर येऊन टेकतो. ते भंगले की कसे भंगले यावर पुढचे सारे अवलंबून. म्हणून त्याची सहा प्रकारांत वर्गवारी केली जाते. बाहेरच्या बाजूची नुसती फाक निघाली तर एक. फाक निघून शेजारचा पृष्ठभागही खचला तर दोन. असे करत, आतली आणि बाहेरची अशा दोन्ही बाजू फुटल्या तर पाच, आणि माथाच खालच्या हाडापासून सुटला तर सहा. त्या रुग्णालयात पद्धत अशी पडली होती की बाईंनी फोनवरून केवळ आकडा कळवायचा. तो शस्त्रक्रियागृहातल्या फळ्यावर लिहिला जाई, आणि त्या आकड्यावरून परिचारिका टेबल कसे लावायचे, कोणती पट्टी आणि कोणते स्क्रू काढून ठेवायचे, हे ठरवीत. ‘दोन’ म्हटले की रुग्ण उताणा आणि छेद बाहेरच्या अंगाने. पद्धत सोयीची होती; एका आकड्यात सगळे मावते असा सर्वांचाच समज होता.

त्या आठवड्यात एक फरशी बसवणारा कारागीर वॉर्डात दाखल झाला होता. त्याच्या साथीदारांनी त्याला ओळंबा हे टोपणनाव दिले होते. दोरीला वजन बांधून भिंतीचा सरळपणा पाहतात ते साधन म्हणजे ओळंबा. आणि या गृहस्थाला म्हणे कुठलीही तिरकी वस्तू पाहवत नसे, शेजाऱ्याच्या घरातली तसबीरसुद्धा तो न विचारता सरळ करी. कामावर फळीवरून पडून त्याचा उजवा गुडघा मोडला होता. प्रतिमा घेताना तो इतका कळवळला की भिंतीपलीकडे बसलेल्या बाईंनाही ते कण्हणे ऐकू आले. बाजूने घेतलेल्या प्रतिमेत पाय किंचित वळला होता. अन्य कुणी असता तर बाई नक्कीच तो शब्द उच्चारत्या. पण मामांनी दारातून डोकावून सांगितले, “ह्याला आता नका हलवायला सांगू.” आणि बाईंना दया आली. बाहेरची फाक आणि खचलेला पृष्ठभाग समोरून स्वच्छ दिसत होता. त्यांनी ‘दोन’ कळवले, आणि प्रतिमा सुस्पष्ट असल्याने सीटी स्कॅनची आवश्यकता नाही, असे मत दिले. सूज उतरेपर्यंत पाय उंच ठेवून माणूस वॉर्डात पडून राहिला.

आता बाईंच्या एका वेगळ्या रिवाजाविषयी सांगणे प्राप्त आहे. एकाच वाचकाने तीच प्रतिमा काही काळाने पुन्हा वाचली तर तो दर वेळी तेच उत्तर देतो असे नाही, हे या शास्त्रातले सर्वज्ञात आणि काहीसे लाजिरवाणे सत्य आहे. ते सत्य बहुतेक जण वाचून विसरतात. बाईंच्या मनात ते काट्यासारखे रुतून बसले होते. म्हणून गुरुवारी दुपारी काम ओसरले की मामा पूर्वी वाचून झालेले काही गुडघे पडद्यावर लावीत, नाव झाकून. बाईंनी प्रत्येकाचा आकडा सांगायचा आणि मामांनी तो जुन्या उत्तराशी ताडून पाहायचा. ही त्यांची स्वतःचीच घेतलेली परीक्षा. तिच्यातले रुग्ण एव्हाना बरे होऊन घरी गेलेले असत, त्यामुळे चूक निघाली तरी ती बाईंच्या अंतःकरणापुरतीच राही. त्या दिवशी मात्र जुने गुडघे कमी पडले, म्हणून मामांनी चालू आठवड्यातला एक त्यांत घुसवला.

बाईंनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, “पाच.”

मामांनी जुन्या उत्तरांचा कागद उलटा करून ठेवला.

“काय झालं?”

“काही नाही. पुढचा लावतो.”

“मामा.”

“ह्याच गुडघ्याला तुम्ही सोमवारी दोन म्हणालात,” मामा म्हणाले. “आता सोमवारच्या बाई आणि आजच्या बाई, दोघी बसून काय ते ठरवा. मी चहा सांगतो.”

बाई हसल्या नाहीत. पठाराच्या मागच्या कडेला एका रेषेऐवजी दोन रेषा दिसत होत्या, एकीच्या पाठीमागे दुसरी, सावलीची सावली असावी तशी. पाय वळल्यामुळे दोन कडा एकमेकींवर आल्या असतील तर त्या रेषांना काही अर्थ नव्हता. आतल्या बाजूचा मागचा तुकडा सुटून खाली घसरला असेल तर मात्र अर्थ फार मोठा होता. कोणते खरे, हे त्या प्रतिमेतून कळणे शक्य नव्हते. आणि सोमवारी आपल्याला ही दुसरी रेषा दिसलीच नव्हती, की दिसूनही दयेपोटी आपण डोळा चुकवला, हेही त्यांना कळेना.

“कुणाचा आहे हा?”

“तो फरशीवाला. ज्याला हलवू नका म्हणालो होतो.” मामांचा आवाज उतरला. “उद्या सकाळचं पहिलं ऑपरेशन.”

चहा येईपर्यंत बाई खोलीत नव्हत्या.

वॉर्डात ओळंबा उशांच्या राशीवर पाय ठेवून पडला होता आणि त्याची बायको शेजारी स्टुलावर बसली होती. इतक्या दिवसांत प्रथमच बाईंनी त्याचा चेहरा पाहिला.

“मी तुमच्या गुडघ्याचे फोटो वाचते,” त्यांनी ओळख करून दिली. “एक विचारायचं होतं. तुम्ही पडलात ते नक्की कसे?”

“कसे म्हणजे? वरून खाली,” तो म्हणाला.

“अहो, नीट सांगा ना,” बायको म्हणाली. “सगळ्यांना सांगताना गोष्ट रंगवून सांगता, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं की वरून खाली.”

मग त्याने सांगितले. न्हाणीघराच्या भिंतीला फरशी लावण्यासाठी तो फळीवर उकिडवा बसला होता. फळी एका टोकाने निसटली. “पाय सोडवायला वेळच मिळाला नाही. बसलो होतो तसाच खाली आलो, दुमडलेला.”

कागदावर केवळ ‘उंचीवरून पडला’ एवढेच आले होते. गुडघा सरळ असताना बसलेला आघात पठाराचा पुढचा आणि मधला भाग फोडतो. गुडघा दुमडलेला असताना बसलेला आघात मागची कड खाली लोटतो.

“मला एकच सांगा बाई,” तो म्हणाला. “चालायचं मला काही वाटत नाही, लंगडत चालीन. पण गुडघे टेकता येतील का? आमचं सगळं काम जमिनीवर. उभं राहून फरशी बसत नाही.”

“उद्या सांगते,” बाई म्हणाल्या, आणि आपण असे काहीतरी म्हणालो याचे त्यांना जिना चढतानाच वाईट वाटले.

दीर शस्त्रक्रियागृहातून नुकतेच बाहेर पडत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

“वहिनी, त्या शिक्षिकेचा गुडघा आठवतो? असंच थांबवलंत, थिएटर रिकामं ठेवलंत, आणि निघालं काय?”

“काही नाही.”

“काही नाही. अजून मला त्यावरून ऐकवतात वर.”

“मलाही ऐकवतात. तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि आजही माहीत नाही. म्हणून तर बघायचं.”

“एकदा आत शिरलो की दिसतंच सगळं.”

“बाहेरच्या अंगाने शिराल तर बाहेरचं दिसेल. मागचं तुमच्याकडे पाठ करून बसलेलं असेल.” बाईंच्या हातातल्या पेनाचे टोपण उघडत होते आणि मिटत होते. “भावोजी, हा माणूस चालून पोट भरत नाही, गुडघे दुमडून भरतो. आणि दुमडले की मांडीचं हाड येऊन टेकतं ते नेमकं त्या मागच्या कडेवर.”

दिरांनी त्या टोपणाकडे पाहिले. “ते आधी बंद करा. बरं, सीटीवाल्यांना तुम्ही पटवा. सकाळी ऑपरेशनच्या आधी होत असेल तर करा. पण डोक्याला मार लागलेलं कुणी आलं, तर तुमचा गुडघा रांगेत शेवटी. मग मी थांबणार नाही.”

संध्याकाळी जेवताना दोघेही आपापल्या ताटातच पाहत होते. सासूबाईंनी एकदा मुलाकडे आणि एकदा सुनेकडे पाहिले. “कुणाचं मोडलंय आणि कुणी मोडलंय?” त्यांनी विचारले. दिरांनी भाजी वाढून घेतली. बाईंना डोक्याला मार लागलेल्या कुणा अज्ञात माणसाची भीती वाटत होती. तो आज रात्री कुठे गाडी चालवत असेल, त्याने सावकाश जावे, असे त्यांच्या मनात आले. मग आपण त्याचे हित कोणत्या हेतूने चिंतिले, हे ध्यानात येऊन त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी यंत्र रिकामे मिळाले. सीटी स्कॅन देहाचे पापुद्रे दाखवतो, अत्यंत पातळ आणि एकामागून एक. वाचणाऱ्याने त्यांतून समोरून मागे चालत जायचे असते. बाई चालत गेल्या. बाहेरची फाक आली, खचलेला पृष्ठभाग आला. सोमवारच्या बाई तेवढ्यापुरत्या खऱ्या होत्या. आणखी मागे गेल्यावर, आतल्या बाजूच्या कोपऱ्यात, तिरका सुटलेला एक तुकडा दिसला. सुपारीएवढा असेल. आपल्या जागेवरून तो खाली घसरला होता. आतली बाजू पुढून अखंड होती, त्यामुळे गुरुवारच्या बाईंचे ‘पाच’ही धड बसत नव्हते. सहाच्या सहाही कप्प्यांत त्या तुकड्याला घर नव्हते.

फोन वाजला. “मॅडम, पेशंट वर आलाय,” शस्त्रक्रियागृहातली परिचारिका म्हणाली. “फळ्यावर दोनच ठेवू की बदलू?”

“आकडा पुसून टाका,” बाई म्हणाल्या. “आणि टेबल लावू नका. मी येते.”

दिरांनी हिरव्या टोपीत उभे राहून पडद्यावरचे पापुद्रे मागे-पुढे फिरवले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. “हं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “बाहेरून पट्टी लावली असती, फोटो झकास आला असता, आणि पायावर भार दिल्याबरोबर हा खाली निघून गेला असता.”

“मग आता?”

“आता मागच्या अंगाने जावं लागेल. तिथे रक्तवाहिन्या, नसा, सगळं दाटीवाटीने.” ते आवाज खाली आणून म्हणाले, “वहिनी, तिथून शिरायला माझा हात बसलेला नाही. शिकत असताना पाहिलंय, तेवढंच. आज मी हे करणार नाही. माझ्या सरांना बोलावतो, ते पुढच्या आठवड्यात येतील. त्यांच्यासोबत उभा राहीन.”

बाईंनी त्यांच्याकडे नव्याने पाहिले. अंगावर पूर्ण वेश चढवून, रुग्ण दारात आणि साऱ्या परिचारिका भोवती असताना ‘मला येत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाविषयी मनात जो आदर दाटतो तो बोलून दाखवायचा नसतो. त्या फक्त म्हणाल्या, “त्याला मी सांगते.”

ओळंबा बाहेर चाकाच्या खाटेवर होता. ऑपरेशन पुढे गेले हे ऐकताच त्याचा चेहरा आक्रसला.

“काल ठरलं होतं ना बाई? दोन मोठी कामं थांबलीत माझी. लोक दुसरा माणूस बघतात.”

“पहिल्यांदा मीच कमी पाहिलं,” बाई म्हणाल्या. “मागे एक तुकडा निसटलाय. तो तसाच राहिला असता तर तुम्ही चालला असता, पण दुमडून बसणं कठीण झालं असतं.”

“म्हणजे लेव्हल चुकली?”

“चुकली असं नाही. तो कोपरा तपासायचाच राहून गेला. माझ्याकडून.”

तो छताकडे पाहत राहिला. “कोपरा राहिला तर उखडून परत बसवावं लागतं, ते मलाही कळतं,” तो म्हणाला. “पण बाई, माझ्या फरशीला भूक लागत नाही. मी कालपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही.”

“मग रागावता कशाला, खायला मागा ना,” बायको म्हणाली, आणि तिने डोळ्यांना पदर लावला. तो रागाने की सुटकेने, ते बाईंना समजले नाही.

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात झाली. सर आले, दीर त्यांच्या शेजारी उभे राहिले, आणि तुकडा वर उचलून, मागून एक लहान पट्टी लावून जागेवर धरला गेला. नंतरची प्रतिमा बाईंनी वाचली तेव्हा पठार जवळजवळ समतल झाले होते. जवळजवळ. मागे तुकडा जोडला त्या जागी एक पुसट पायरी उरली होती.

“केसभर आहे,” त्या दिरांना म्हणाल्या.

“तो केस तुमच्या डोक्यातला की हाडातला?”

“हाडातला.”

“मग तेवढा राहू दे. आमचे सर म्हणाले, यापेक्षा वर येत नव्हता.”

दीर निश्चिंत झाले. बाईंना ते जमेना. पुढच्या महिन्यांत त्यांनी मामांकडून आपण पूर्वी ‘दोन’ म्हटलेले सगळे गुडघे पुन्हा पडद्यावर लावून घेतले. मामा कुरकुरले, “ही माणसं केव्हाच घरी गेली, बाई. त्यांना आता कशाला उठवता?” पण लावत गेले. एका छायेपाशी बाई थबकल्या. मागे तीच दुहेरी रेषा होती. त्या गुडघ्याची मालकीण आज कुठे असेल, जिना चढताना कठडा धरत असेल का, आणि वय झाले म्हणून गुडघा दुखतो असे स्वतःची समजूत काढत सांगत असेल का? तिला बोलावून घ्यावे असे त्यांनी ठरवले, बोलावणे धाडले. पत्ता बदलला होता. निरोप परत आला.

ओळंबा शेवटच्या तपासणीला आला तेव्हा काठी त्याच्या बायकोच्या हातात होती. प्रतिमा चांगली होती. हाड जुळले होते, तुकडा होता तिथेच होता, आणि ती केसभर पायरीही होती तिथेच होती. बाई आपल्या खोलीतून उठून त्याच्यापाशी आल्या. छाया त्यांना हाडाची अवस्था सांगत होती. पण हा माणूस जमिनीवर काम करू शकेल की नाही, हे कोणत्याही छायेत उमटत नाही.

“टेकून पाहिलंत का कधी?” त्यांनी विचारले.

“हाडांच्या डॉक्टरांनी आज परवानगी दिली. घरी जाऊन बघणार होतो.”

“घरी भीती वाटते त्यांना,” बायको म्हणाली. “इथे करा म्हणावं.”

मामांनी घडी घातलेली चादर जमिनीवर ठेवली. ओळंब्याने टेबलाची कड धरली, डावा गुडघा टेकला, मग उजवा हळूहळू खाली आणला, आणि टेकायच्या आधी हवेत थांबला. कपाळावर घाम आला होता. बायकोने तोंड फिरवले. मग तो टेकला. टेकला, आणि तसाच राहिला. मग आस्ते आस्ते टाचांवर बसू लागला. अर्ध्यात अडला.

“पूर्ण बसत नाही,” तो म्हणाला. “इथपर्यंत येतंय. इथपर्यंत आलं तर काम होतं बाई, फक्त पाय थोडा बाजूला सोडून बसावं लागेल.” आणि सवयीने त्याचा तळहात समोरच्या फरशीवरून फिरला, बोटाच्या पेराने त्याने ती ठोकून पाहिली. “ही पोकळ आहे. खाली माल कमी घातलाय.”

“तुमचं तुम्ही बघा,” बायको म्हणाली. ती हसत होती आणि काठी तिने भिंतीशी टेकवून ठेवली होती.

बाई मात्र हसल्या नाहीत. “मागे दुखतंय?” त्यांनी विचारले.

“मागे नाही.”

“मग?”

“ओढ बसते. आतल्या बाजूला.”

“आतल्या बाजूला कुठे?” असे विचारत त्या स्वतःच जमिनीवर बसल्या, साडीचा घोळ एका हाताने आवरून, आणि त्याच्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला अंगठा लावून त्यांनी हलकेच दाबले. “इथे?”

“थोडं खाली.”

“इथे?”